ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांची शाळा तुटू नये म्हणून काय काय करायचं (दोन्हीकडच्या मास्तरांसाठी)

मी आधी सहा वर्षं कोल्हापूरकडं एका साखर कारखान्याजवळच्या जि.प. शाळेत होतो, मग आंतरजिल्हा बदली मिळाली आणि बीडला गावाकडं आलो. तिकडं असताना नोव्हेंबरात पालावरची (ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांतली) पोरं वर्गात यायची तेव्हा मनात यायचं की ह्यांच्या गावच्या मास्तरांनी ह्यांना काहीच शिकवलं नाही का. इकडं आल्यावर एप्रिलात तीच पोरं परत यायला लागली आणि मी म्हणायला लागलो, तिकडच्यांनी पाच महिने ह्यांना बसवून ठेवलं होतं की काय. कळायला वेळ लागला, पण खरी गोष्ट अशी आहे की पोरगं दोन शाळांत अर्धं अर्धं शिकतं आणि दोन्ही शाळा एकमेकींशी एक शब्द बोलत नाहीत. ते गळतं ते ह्या दोन हजेरीपटांच्या मधल्या फटीत. म्हणून खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं तरी ही फट बुजवायचंच आहे.

आधी घरचा हिशोब समजून घ्या, नाहीतर पालकांना नुसतं 'पोरांना शिकवा हो' म्हणत बसाल. तोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, तिला एक कोयता म्हणतात. मुकादम, म्हणजे टोळी जमवून कारखान्याला नेणारा, पावसाळ्यातच त्या कोयत्याला उचल (आगाऊ रक्कम) देतो, ती लग्नात, दवाखान्यात नाहीतर आधीच्या कर्जात कधीच संपलेली असते आणि पुढचा अख्खा हंगाम ती फेडण्यात जातो. म्हणजे 'जाऊ नका' हा पर्याय त्यांच्याकडं नसतोच. पोरांना बरोबर न्यायचं कारण बहुतेक वेळा एवढंच की मागं बघणारं कुणी नाही, आणि थोरली पोरगी असेल तर धाकट्याला सांभाळायला ती लागतेच. हे दोन प्रश्न सुटले की शाळेचा प्रश्न अर्धा सुटतो.

१. ऑगस्ट-सप्टेंबर: यादी करा, आणि ती नीट करा

दसरा झाला की गाव रिकामं व्हायला लागतं, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरी बघून 'अरे हे कुठं गेले' म्हणण्यात अर्थ नाही. उचल वाटली जाते तेव्हाच कळतं कोण जाणार ते. वर्गात पोरांनाच विचारा, ती सगळं सांगतात, अगदी कुठला कारखाना, कोण मुकादम, मागच्या साली टोळीत किती कोयते होते इथपर्यंत.

यादीत नाव आणि इयत्ता तर लिहालच, त्याशिवाय एवढं लिहा: धाकटी भावंडं किती आणि केवढी, घरी आजी-आजोबा आहेत का आणि त्यांच्याच्यानं चूल होते का, कारखान्याचं नाव आणि तालुका, टोळी गाडी सेंटरची की डोकी सेंटरची, आणि मुकादमाचा मोबाईल नंबर. आईबापाचा नंबर घ्याच पण त्याच्यावर विसंबू नका, डिसेंबरात रिचार्ज संपलेला असतो. मुकादमाचा नंबर मात्र वर्षानुवर्षं तोच असतो, त्याचा धंदाच त्या फोनवर चालतो.

गाडी सेंटर की डोकी सेंटर हे मी मुद्दाम लिहायला सांगतोय. बैलगाडीवाल्यांचा तळ कारखान्याजवळ एका जागी पडतो आणि हंगामभर तिथंच राहतो, तिथली पोरं एका शाळेत टिकू शकतात. डोकी सेंटरवाले डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक नाहीतर ट्रॅक्टर भरतात आणि फड (उसाचं शेत) संपला की पुढच्या गावाला. त्यांची पालं आज इथं तर पंधरा दिवसांनी पलीकडच्या तालुक्यात. ह्या पोरांना एका शाळेत घालून काम झालं असं समजू नका, त्यांना शक्यतो गावातच ठेवायचा आटापिटा करायचा.

२. जमेल तेवढी पोरं गावातच ठेवा

ह्यासाठी हंगामी वसतिगृह ही सोय आहे. नाव वसतिगृह असलं तरी बऱ्याच गावांत पोरं रात्री आजी-आजोबांकडं किंवा चुलत्याकडं झोपतात आणि शाळेत सकाळ-संध्याकाळ जेवतात, दुपारचा पोषण आहार असतोच. ते शाळा व्यवस्थापन समिती चालवते. प्रस्ताव वेळेत गेला तर पोरं निघायच्या आधी ते सुरू होतं, उशीर झाला तर पालं पडल्यावर मंजुरी येते आणि मग कागदावरच पोरं जेवतात, त्यावर जास्त बोलत नाही. मोठ्या पोरांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही आहे, जवळ कुठं चालू आहे आणि जागा आहे का ते समाजकल्याण ऑफिसात जाऊन विचारा, फोनवर नीट उत्तर मिळत नाही.

पण खरी मीटिंग आजीबरोबर करायची. आईबाप हो म्हणतात आणि आजी ऐन वेळी म्हणते मला झेपत नाही, तिचंही खरंच असतं, गुडघे गेलेले असतात. तिला तीन गोष्टींची खात्री लागते. दोन वेळचं जेवण शाळेत होईल, पोरगं आजारी पडलं तर दवाखान्यात न्यायला कुणीतरी असेल (आशाताईंचं नाव आणि नंबर तिच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून या), आणि पोरगी असेल तर रात्रीचं कसं. तिसरा प्रश्न आजी सरळ विचारत नाही, तो आपणच काढायचा, आणि तोही मॅडमनी काढलेला बरा.

सातवी-आठवीच्या पोरींबद्दल थोडं थांबून बोलतो. वयात आलेली पोरगी मागं ठेवायची भीती वाटते, बरोबर न्यायची त्याहून जास्त वाटते कारण पालाला धड दार नसतं. मग ह्या दोन भीतींच्या मधे तिचं लग्न लावून देतात. नवीन जोडी झाली की नवा कोयता, म्हणजे नवी उचल, हाही हिशोब असतोच. दिवाळीच्या आधी पोरगी अचानक गप्प झाली, मैत्रिणींनी काही कुजबुज केली तर लगेच घरी जा. बालविवाहाचा कायदा (अठरा वर्षं, २००६ चा) सांगून धमकावत सुरुवात करू नका, आधी तिची राहायची सोय काय करता येईल ते बोला, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात (पोरींची निवासी शाळा) जागा आहे का बघा. ऐकतच नसतील तर मात्र १०९८ ला (चाइल्डलाइन) फोन करायला कचरू नका. आपलं नाव सांगावं लागेल म्हणून मी एकदा दोन दिवस थांबलो होतो, त्या दोन दिवसांत हळद लागून गेली.

३. जाणारच असतील तर पिशवी तयार करा

काही पोरं जाणारच. त्यांच्या हातात निघताना एक प्लास्टिकची पिशवी द्यायची, पालात पाणी शिरतं म्हणून प्लास्टिकचीच. तिच्यात शिक्षण हमी कार्ड भरून, शिक्का मारून. आधारची झेरॉक्स असेल तर. चालू इयत्तेची पुस्तकं, दोन वह्या. आणि तुमच्या हातानं लिहिलेलं एक पान, जे कुठल्याच नमुन्यात नसतं पण सगळ्यात जास्त उपयोगी पडतं: 'परिच्छेद वाचते, गोष्ट अजून अडखळत. हातच्याची वजाबाकी येते, भागाकार सुरू केला नाही. घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, मराठी समजते पण पहिले काही दिवस बोलणार नाही. गाणं म्हणायला आवडतं. खाली माझा नंबर.'

तिकडं असताना असं पान मला सहा वर्षांत दोनदा मिळालं. दोन्ही वेळेला त्या पोरांचे पहिले पंधरा दिवस वाचले, नाहीतर ते पंधरा दिवस आपण नुसते अंदाज बांधत असतो.

एक चूक टाळा. हंगामापुरतं जाणाऱ्या पोराचा दाखला काढून हातात देऊ नका. दाखला दिला की तुमच्या रजिस्टरातून नाव गेलं, आणि तिकडं कुणी नाव घातलं नाही तर ते पोर कुठंच नाही. हमी कार्ड त्यासाठीच आहे, नाव तुमच्याकडंच राहतं आणि तिकडं ते बसतं.

४. फोन करा

हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी होणारं काम. टोळी निघाली की ज्या तालुक्यात गेली तिथल्या एखाद्या केंद्रप्रमुखाचा नंबर मिळवा, बालरक्षकांचे (शाळाबाह्य पोरांना शाळेत आणायचं काम करणाऱ्या मास्तरांचे) जे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत त्यात टाकलं की तासाभरात कुणीतरी देतं. मग त्या शाळेच्या मास्तरांना सरळ फोन: 'सर, माझी चार लेकरं तुमच्याकडं येतायत, अमुक मुकादमाची टोळी, ओढ्याच्या कडेला उतरलीय.' यादी फोटो काढून पाठवा. 'माझी लेकरं' म्हटलं की समोरचा वेगळा वागतो हा माझा अनुभव आहे, सरकारी पत्रानं हे होत नाही.

टोळी कर्नाटकात गेली असेल तर वेगळं. बेळगाव, निपाणीच्या पट्ट्यात मराठी शाळा सापडतात, आणखी खाली बागलकोटकडं गेले तर कन्नड शाळाच. तिथं अपेक्षा कमी ठेवा, दुपारचं जेवण, सुरक्षित जागा आणि गणित एवढं मिळालं तरी खूप, मराठी वाचन तुम्ही रोज व्हॉइस मेसेज टाकून चालू ठेवायचं.

५. आता कारखान्याकडच्या शाळेनं काय करायचं

कारखान्याची मोळी टाकली (गाळप सुरू झालं) की आठवड्याभरात पालं बघून या. कधी जायचं हे महत्त्वाचं, सकाळी दहाला गेलात तर फक्त म्हातारं कुत्रं आणि लेकराला मांडीवर घेतलेली आठ वर्षांची पोरगी भेटेल. माणसं पहाटे तीन-चारला फडात गेलेली असतात. संध्याकाळी चुली पेटतात तेव्हा जा, खाली बसा, चहा दिला तर घ्या. पहिल्या दिवशी शाळेचा विषय दोन मिनिटंच काढा.

आणि आधी अंगणवाडीताईंना बरोबर न्या. मला हे तिसऱ्या वर्षी कळलं. थोरलीला शाळेत आणायला आम्ही रोज चकरा मारायचो, ती यायची नाही, एके दिवशी ताईंनी तिच्या धाकट्या भावाला अंगणवाडीत बसवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ही आपली आपण वर्गाच्या दारात उभी. तान्हं असेल आणि अंगणवाडीत बसत नसेल तर काही दिवस ते वर्गात कोपऱ्यात झोपलं तरी चालवून घ्या, साहेब व्हिजिटला आले तर त्यांनाही सांगा.

पालं शाळेपासून लांब असतील, मधे हायवे असेल तर पोरं एकटी येणार नाहीत. गावातल्या मोठ्या पोरांबरोबर टोळी करून आणायची, नाहीतर कारखान्याच्या शेती ऑफिसला जाऊन गाडी मागायची. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, मागितल्यावर कधी कधी देतात.

कागदपत्रांवरून अडवणूक होते, बहुतेक वेळा अज्ञानातनं, कधी पटाच्या भीतीनं. आरटीई (शिक्षण हक्क) कायदा २००९ चा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू, आणि त्यात हे स्पष्ट लिहिलंय: दाखला नाही म्हणून प्रवेश थांबवता येत नाही (कलम ५, आणि उलट दाखला द्यायला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर कारवाई होऊ शकते), जन्माचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही (कलम १४), वर्षाच्या मधेच आलं म्हणूनही नाही (कलम १५), वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि मागं पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं (कलम ४). स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचे प्रवेश करून घेणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे हे कलम ९ मधे आहे. आधार नाही म्हणून नाकारायचं नाही हे सुप्रीम कोर्टानं २०१८ मधे सांगितलंय. स्वयंसेवक असाल आणि कुणी नकार दिला तर भांडू नका, 'सर, नकार लेखी द्या, मी गटशिक्षणाधिकाऱ्यांना दाखवतो' एवढंच शांतपणे म्हणा. लेखी कुणीच देत नाही, प्रवेश देतात. मात्र हा सगळा कायदा सहा ते चौदा वयाचा, म्हणजे ढोबळमानानं आठवीपर्यंतचा. नववी-दहावीच्या पोरांचं तुम्हालाच कुणाच्या तरी हातापाया पडून करावं लागतं.

६. वर्गातला पहिला आठवडा

नाव विचारा आणि नावानंच हाक मारा. 'ए ऊसतोडीवाल्या', 'पालावरची पोरं इकडं बसा' हे बंद, स्टाफरूममधे सुद्धा बंद, कारण तिथलं बोलणं पाच मिनिटांत वर्गात येतं. त्यांची वेगळी रांग करू नका. गावातलं एक बोलकं पोरगं जोडीला द्या, हुशार नको, बोलकं, जो टॉयलेट कुठंय, पाणी कुठंय, कोणते सर ओरडतात हे सांगेल.

जेवण पहिल्या दिवसापासून. यादीत नाव चढलं नाही वगैरे नंतर बघू.

बंजारा पोरं असतील तर घरी गोरमाटी चालते, वर्गातली पुस्तकी मराठी त्यांना परकी वाटते, मग ती गप्प बसतात आणि आपण 'मंद आहे' लिहून मोकळे. त्यांच्याकडनं दहा शब्द शिका आणि फळ्यावर लिहा, पाण्याला काय म्हणतात, भाकरीला काय, आईला काय. गावातली पोरं हसतात पहिल्यांदा, मग स्वतःच विचारायला लागतात. बीडकडची मराठी आणि कोल्हापूरकडची मराठी हीसुद्धा गंमतच आहे, एकमेकांच्या बोलण्याला दोन्हीकडची पोरं हसतात, ते हसणं तुम्ही वर्गाचा खेळ करून टाका, टोमणा होऊ देऊ नका.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाच मिनिटं एकेकाला जवळ घेऊन तोंडी तपासा. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, ह्यातलं कुठपर्यंत वाचतो. एक अंकी, दोन अंकी, हातचा, वजाबाकी, भागाकार. लेखी पेपर देऊ नका, फडातनं आलेल्या हातात पेन्सिल नीट बसायलाच चार दिवस लागतात. मग रोज एक तास इयत्ता विसरून पातळीप्रमाणे गट, गावातली कच्ची पोरंही त्यातच, म्हणजे शिक्का बसत नाही. बाकी वेळ आपापल्या वर्गात.

आणि गणितात ह्या पोरांना कमी समजू नका हो. त्यांना माहिती असतं की गाडीत किती टन बसतो, बापाचा किती पैसा फिटला, मुकादमानं किती कापला. सातवीच्या वर्गात मी एकदा शेकडेवारी शिकवत होतो, २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली तेच गणित घातलं, टनाला २७३ रुपये होते तर आता किती. गावातली पोरं वहीत खरडत होती, तोवर मागनं एक जण म्हणाला '३६६, पण हातात तेवढे येत नाहीत सर, मुकादमाचं कमिशन वेगळं असतं का ते विचारा'. त्यावर पुढचा अख्खा तास गेला, आणि त्या दिवसानंतर तो मागं बसला नाही.

७. मनाचं काय

ह्यावर मोठमोठी ट्रेनिंग असतात, मी जे चालताना बघितलं तेवढंच सांगतो. रात्री ट्रॅक्टर भरायला आला की आईबाप उठतात, मग लेकरंही उठतात. म्हणून अकरा वाजता वर्गात झोपलेलं पोरगं आळशी नसतं. त्याला अर्धा तास झोपू द्या, मग उठवून गणित घाला, छान करतं.

शाळेतलं एकच माणूस रोज त्याच्याशी बोलेल असं ठरवून घ्या. मास्तर, मॅडम, खिचडीवाल्या काकू, कुणीही चालेल, पण तेच. 'काल का नाही आलास' ऐवजी 'काल तुझी वाट बघत होतो' एवढा बदल करून बघा. काहीतरी काम सोपवा, घंटा द्यायचं, फळा पुसायचं, झाडांना पाणी. 'बिच्चारं' म्हणणं मात्र बंद करा, ती पोरं दया लगेच ओळखतात आणि मग तिचा फायदाही घेतात, त्यांचं चूक नाही त्यात.

आठवड्यातनं एकदा गावाकडच्या वर्गाला व्हिडिओ कॉल. दहा मिनिटं पुरतात. तिकडची पोरं ओरडतात, ही लाजतात, पण आपली जागा तिकडं अजून आहे हे त्यांना कळतं. आजीलाही एखाद्या वेळी शाळेत बोलवून घ्या त्या कॉलला.

पोरगी अचानक यायची बंद झाली, कुणी अंगावर हात लावला की दचकते, असं काही दिसलं तर दुर्लक्ष नको. पोरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात (२०१२) असं काही घडलंय किंवा घडेल असं कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, हे स्टाफला एकदा वाचून दाखवा. आणि मारणं नाही, आरटीईचं कलम १७, एवढंच.

८. पट्टा पडल्यावर (गाळप संपल्यावर)

कारखाना फेब्रुवारीत बंद होतो की एप्रिलात हे पावसावर आणि उसावर, त्यामुळं पट्टा पडायच्या पंधरा दिवस आधीच कार्डावर हजेरी आणि झालेलं शिक्षण लिहून ठेवा. शेवटच्या दिवशी टोळी रात्रीतनं निघून जाते, सकाळी पालाच्या जागी फक्त चुलीची राख. पिशवीतल्या पानाच्या मागच्या बाजूला तुम्हीही चार ओळी लिहा आणि फोटो गावच्या मास्तरांना टाका.

गावच्या शाळेनं तिकडची हजेरी आपल्या हजेरीत धरायची, गैरहजर लावून मोकळं व्हायचं नाही. पाचवी आणि आठवीवाल्यांकडं जास्त लक्ष द्या, आता ह्या दोन वर्गांना वार्षिक परीक्षा आहे आणि नापास झालं तर निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा मिळते. खूप पालकांना फेरपरीक्षा आहे हेच माहिती नसतं, 'नापास झाला, आता चल कामाला' होतं. परीक्षेच्या वेळी टोळी अजून तिकडंच असेल तर तिकडच्या शाळेशी बोलून पेपर तिथं घेता येईल का हे मार्चमधेच गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारा, एप्रिलात कुणाला वेळ नसतो.

मे महिन्यात पोरं गावात असतात, मोकळी असतात आणि त्यांचे आईबापही पहिल्यांदा घरी असतात. तासभर झाडाखाली वाचन घेतलं तर गेलेलं बरंच भरून येतं. आमच्याकडं त्याला कुणी पैसे देत नाही, दोन बारावी झालेल्या पोरी घेतात, त्यातली एक स्वतः सहावीपर्यंत पालावर होती. ती पोरांना जे सांगते ते मी दहा वर्षांत सांगू शकलो नाही, त्यामुळं तुमच्या गावात अशी कुणी असेल तर आधी तिला गाठा.

मग जूनला शाळा उघडली की जुनी यादी काढायची, मुकादमाचे नंबर लागतात का तेवढे लावून बघायचे. पाऊस पडला की उचल वाटायला सुरुवात होते.